दहा कोटी वर्षांचा नवरदेव

सिद्ध्या, तू वरून ऐकत असशील असं काही मी लिहिणार नाही. तू वर-खाली काही मानत नव्हतास. मेला तो संपला, असं तू तुझ्या बायकोच्या चितेपुढे उभं राहून सांगितलं होतंस आणि मी तुला तिथेच शिवी हासडली होती. पण मला बोलायचं आहे आणि तू नाहीस, म्हणून लिहितो. भांडण अर्धं टाकून गेलास तू. अर्धं भांडण घेऊन माणसाने करायचं काय?

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी माझ्या अंगणात तुझा ओठ फुटला. माझ्या हाताने फुटला. त्याचं मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तू हातोडा उचलला नसतास तर मीही हात उचलला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या कोहक्याच्या घरून स्कूटर काढलीस, आमच्या वैशाली नगरच्या वळणावर आलास आणि समोरून डंपर आला. मी पोचलो तेव्हा लोकांनी तुझ्यावर चादर टाकली होती आणि ड्रायव्हरला खाली ओढलं होतं. मीही घुसलो. त्याला हाणला, पाडला, लाथा घातल्या. कोणीतरी मागून धरलं, 'काका, बस करो, मर जाएगा.' मरू दे, असंच माझ्या मनात होतं. मग त्याने तोंड वर केलं. त्याचाही खालचा ओठ फुटला होता, तुझा फुटला होता तिथेच. माझा हात खाली आला.

आपली ओळखही मारामारीतच झाली. हिंदी मुलखातल्या या प्लँटमध्ये तू विटा तोडणाऱ्या गँगमध्ये आणि मी वर क्रेनमध्ये. लोखंडाचं पोलाद करायचं ते अवाढव्य भांडं, कन्व्हर्टर; त्याला बाहेरून जाड पोलादी कवच आणि आतून विटांचा थर. कवचाला सगळे शेल म्हणायचे. आतल्या विटा जळून गेल्या की तुम्ही लोक त्या घणाने तोडून काढायचात. मी हुक खाली घेतला तो तुला पसंत पडला नाही, तू खालून माझ्या आईपर्यंत पोचलास, मी शिडी उतरलो आणि कँटीनपुढे आपण एकमेकांची कॉलर धरली. सोडवणारे हसायला लागले, कारण दोघंही मराठीत शिव्या देत होतो. 'अबे, पहले गाँव तो पूछ लेते!' तू भंडाऱ्याकडचा, मीही भंडाऱ्याकडचा. तू माझं गाव विचारलंस, मी सांगितलं आणि तू एकदम गप्प झालास. मला वाटलं, लाजला.

त्यानंतर तू माझं डोकं खाल्लंस, माझं जेवणही खाल्लंस. तुझी बायको गेल्यावर तर रात्रीचं ताट आमच्याकडेच. मंदा वाढायची आणि तू तिच्या देवघराकडे पाठ करून जेवायचास. 'भाऊजी, देव काय चावते का?' ती म्हणायची. 'मले नाही चावत वहिनी, माह्या जेवणावर नजर ठेवते.' मी न्हाणीघरात पडलो, आतून कडी, पाय हलेना, तेव्हा तू त्याच हातोड्याने दार फोडून आत आलास. मोडलेल्या फळीने माझी पाठ सोलली. मी ओरडत होतो आणि तू मला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत शिव्या देत नेलंस. त्या दाराबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आज बोलतो, बरं केलंस.

आता त्या दगडाची गोष्ट. लोक विचारताहेत की दोन म्हातारे एका दगडावरून का भांडले, आणि जो तो आपल्या मनाने काहीतरी जोडून सांगतो आहे. तू असतास तर त्यांची थोबाडं फोडली असतीस.

तुझी प्रज्ञा दगडधोंड्यांचं शास्त्र शिकली आणि तमिळनाडूत अरियलूरकडे सिमेंट कारखान्यात लागली. आपण रिटायर झालो तेव्हा तिने आपल्याला बोलावलं. तिथून ती आपल्याला कारै नावाच्या गावाबाहेर घेऊन गेली. तसली जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. गवताची काडी नाही. मातकट हिरवट टेकाडं, सगळी घळींनी चिरलेली, फाटलेली. हातात घेतला तो दगड चुरा होऊन बोटांतून गळाला.

'बाबा, ये सब शेल है,' प्रज्ञा म्हणाली.

'कायचं शेल? कन्व्हर्टरचं?'

'नाही बाबा. शेल म्हणजे चिखलाचा दगड. इथं समुद्र होता. तळाशी चिखल बसत गेला, दबला, अन् दगड झाला. क्रिटेशियस. दहा करोड़ साल.'

तू आजूबाजूला पाहिलंस. लाटा नाहीत, वाळू नाही, पाण्याचा टिपूस नाही. ती सांगत होती की पावसात हा दगड फुगतो, उन्हात तडकतो आणि दरवर्षी थोडा थोडा ढासळतो. ढासळला की आत पुरलेलं बाहेर पडतं. आणि ते खरोखरच पडलेलं होतं. बंदुकीच्या गोळीसारखे गुळगुळीत, टोकदार दगड, जिथे पाय ठेवावा तिथे. कुठल्याशा माकुळाच्या जातीच्या जिवांच्या अंगातले काटे, असं ती म्हणाली. तू ते खिशात भरलेस आणि परतीला स्टेशनवर पोलिसाने तुला काडतुसं म्हणून अडवलं. तू त्याला समजावलं नाहीस. 'हो, काडतूस आहे, दहा करोड़ साल पुराना, चला के दिखाऊँ?' म्हणून त्याच्याच अंगावर गेलास. प्रज्ञा नसती तर आपण अरियलूरच्या कोठडीत बसलो असतो.

पण ते नंतर. आधी घळीत तू विचारलं होतंस, 'पोरी, एवढे सारे कोनं मारले वं?' ती हसली. 'कोणी नाही मारले. मरून चिखलात बसले, म्हणून राहिले. उघड्यावर राहिले ते सडून गेले.' तू वाकून तो उतार बघत पुढे निघालास. 

मग तुला ते दिसलं. उतारात अर्धं रुतलेलं, ताटाएवढं, कडेला वळ्या वळ्या. अमोनाइट, शंखात राहणारा समुद्री जीव, दगड झालेला. प्रज्ञा पलीकडच्या घळीत होती. तिने ओरडून सांगितलं, 'बाबा, रुको! हात नका लावू, मी ब्रश आणते.' थांबशील तर तू कसला! जन्मभर जळक्या विटा तोडलेल्या हाताने तू एकच घाव घातलास आणि दहा कोटी वर्षं शाबूत राहिलेलं ते जनावर तुकडे तुकडे होऊन उतारावरून खाली गेलं. प्रज्ञा किंचाळली. मी तिला तशी किंचाळताना कधी ऐकली नव्हती, तिची आई गेली तेव्हासुद्धा नाही. आणि तू? तू लगेच दुसऱ्या दगडाकडे वळलास. मुठीएवढा, काळपट, अर्धा बंद, एका बाजूने चक्र दिसत होतं. 'फोडून पाहू, आतमंदी अख्खा असन.'

मी तुझ्यावर झेप घेतली. दोघंही घळीत गडगडलो. साठी उलटलेले दोन बाप्ये त्या चिखलाच्या दगडात लोळत होते, तुझ्या हातात हातोडा, माझ्या हातात तो गोळा. तिथल्या काचेसारख्या चमकणाऱ्या जिप्समच्या कपच्यांनी माझा तळहात कापला. सोडला नाही. शेवटी प्रज्ञा मध्ये आली, रडत, चिडून. 'काका, तुम्ही ठेवा. पण बाबाच्या हाती देऊ नका. कभी नहीं.' तर सिद्ध्या, शोधलास तू आणि वाचवला मी. दगड कोणाचा, हे आपलं तिथे सुरू झालं ते आजतागायत संपलेलं नाही.

घरी आणला तर मंदाने हातातून घेतला, उलटा-सुलटा केला आणि कपाळाला लावला. 'अवं माय, शाळिग्राम!' मी सांगायला गेलो की हा मेलेला समुद्री किडा आहे. तिने ऐकून घेतलं आणि दुधाने धुतला. शाळिग्राम तरी दुसरं काय असतं, असं पुढे प्रज्ञानेच सांगितलं. तेही असेच जुन्या समुद्राच्या काळ्या चिखलातले जीव. मंदाला त्याचं काही नव्हतं. तिच्या सासूच्या देवघरात चंदनाच्या रिकाम्या बैठकीवर शाळिग्रामाची जागा होती आणि आता ती भरली. कार्तिक आला. उसाचा मांडव झाला, चिंचा-आवळे आले आणि तुळशीपुढे पाटावर तुझा किडा नवरदेव म्हणून बसला, मुंडावळ्या बांधून.

तू जेवायला आलास. मला वाटलं, आता अंगण उधळणार. तू दारातच थांबलास, बघितलंस आणि कंबरेवर हात ठेवून ओरडलास, 'माह्या पोराचं लगन, अन् मलेच निमंत्रण नाही? कोनं आणला त्याले एवढ्या दुरून? नवरदेवाचा बाप इथं उभा आहे अन् तुम्ही मंगलाष्टक सुरू करून राहिले?'

मंदा घाबरली, मग हसली. हसून आत गेली आणि नारळ, टोपी, उपरणं घेऊन आली. नवरदेवाच्या बापाचा मान. तू तो घेतलास. ज्या माणसाने कधी प्रसादाला हात पुढे केला नाही त्याने टोपी घातली आणि पंगतीत पहिला बसला. 'वहिनी, पोरगा चांगल्या खानदानातला आहे हं. त्याले आठ-दहा हात होते, प्रज्ञा सांगते.' 'मंग तर देवच,' मंदा म्हणाली. 'देव नाही, जनावर!' 'तुमचं जनावर, माहा जावई.' झालं. दर कार्तिकात तू नवरदेवाचा बाप. हुंडा मागायचास, रुसायचास, वरण पातळ म्हणून विहीणबाईंना टोमणे मारायचास. आसपासच्या बायका तुझं रुसणं बघायला यायच्या.

मग तुमच्या कोहक्याच्या विहारात अभ्यासिका झाली आणि तिला काचेचं कपाट मिळालं. तुझ्या डोक्यात शिरलं की दगड त्या कपाटात जाणार. त्याखाली पाटी लागणार: दहा कोटी वर्षांपूर्वीचा सागरी जीव. पोरं बघतील, विचार करतील. तू बरोबर होतास, मला कळत होतं. मंदाने साफ नाही म्हटलं. तीही चूक नव्हती. मी मध्ये बसलो होतो आणि तुम्ही दोघं माझ्या दोन्ही कानांत ओरडत होता. मी एवढंच म्हटलं, दगड माझ्या ताब्यात आहे, मी ठरवीन. तेव्हा तू मला जे म्हणालास ते इथे लिहिता येत नाही.

या कार्तिकात तू टोपी घ्यायला आला नाहीस. मांडव झाला होता, बायका जमल्या होत्या, शेजारच्या साहूबाईंची नातवंडं पाटापुढे ओळीने डोकं टेकत होती. तू आलास, पोरांना बाजूला केलंस आणि हळदीने माखलेला नवरदेव पाटावरून उचललास.

'भाऊजी! पारोसे असान तुम्ही, शिवू नका!' मंदाच्या तोंडून गेलं. आंघोळ न करता देवाला हात लावू नये, एवढाच तिचा अर्थ. मला माहीत आहे. तुलाही माहीत असेल. पण शब्द गेला तो गेला.

तुझा चेहरा असा झाला की पोरं मागे सरकली. 'शिवू नका? मले? हा दगड माह्या हातानं निघाला वहिनी, शेलातून, माह्या!' आणि मग तू माझ्याकडे वळलास. 'पांड्या, तुले मालूम आहे का, माह्या बापाचा उजवा हात कावून वाकडा होता? पानी आलं म्हून झाडाखाली थांबला. तिथं शेंदराचा गोटा होता. टेकला त्याले. बस, टेकला. गोट्यानंच हात ठेचला त्याचा, चार जनांनी धरून. तुह्या गावात, बे. तुह्या गावात!'

कँटीनपुढे गाव ऐकून तू का गप्प झालास, ते मला तेव्हा कळलं. एवढी वर्षं माझ्या ताटात जेवलास आणि बोलला नाहीस. माझी नोकरी झाली, पोरं झाली, पोरं दूर गेली, केस गेले. तुझ्या पोटात ते तसंच. का नाही बोललास? मी काय केलं असतं असं तुला वाटलं? भांडलो असतो, माफी मागितली असती, गावी जाऊन कोणाचं तरी नरडं धरलं असतं. काहीतरी केलं असतं. तू मला काही करूच दिलं नाहीस, याचा राग मला तुझ्या मरण्यापेक्षा जास्त आहे.

'आता माह्याच हातचा दगड देव झाला,' तू म्हणालास, 'अन् लेकरं त्याच्या पाया पडून राहिले. पुढच्या साली त्यालेच टेकल्यावर कोनाचा तरी हात ठेचान.' डाव्या हातात दगड, उजव्या हातात तुझा नेहमीचा हातोडा. तो वर गेला. मी मारला. पूर्ण ताकदीने मारला, सिद्ध्या. तू तुळशीच्या कुंडीवर पडलास, कुंडी फुटली, ऊस आडवे झाले, दगड फरशीवर आपटला आणि फरशी तडकली. दगडाला काही झालं नाही. तू उठलास, रक्त थुंकलास. 'उद्या येतो. अन् घेऊनच जातो.'

तू आलास. वळणापर्यंत आलास.

मला एवढंच सांग, हातोडा तू खरंच मारणार होतास का? की नुसता उचलला होतास? तुझ्या हातांना मी ओळखतो, ते कधी हवेत थांबले नाहीत. पण घाव पडायच्या आत मी मारला, त्यामुळे मला ते कधी कळणार नाही. आणि दुसऱ्या सकाळी तू भांडायला येत होतास की चहाला, हेही नाही. तू दोन्ही एकाच तोंडाने करायचास.

प्रज्ञा विमानाने आली. मी खांदा दिला. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, मी ओठ हलवले, मला येत नाही. परत आलो तर मंदा अंगणातच मोरीवर माझ्यासाठी पाण्याची बादली घेऊन उभी होती. स्वतः डोक्यावरून न्हालेली, केस ओले. तिने मला आत जाऊ दिलं नाही. मला वाटलं, स्मशानातून आलो म्हणून असेल. आत गेलो तर देवघरात दिवा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. देवांवरची शिळी फुलं तशीच सुकत होती.  चपात्या भाजायच्या तशा भाजल्या, फक्त त्यांना तूप लावलं नाही.

पौर्णिमा आली. तुळशीच्या लग्नाची ती शेवटची तिथी. साहूबाई कुंपणापाशी आल्या. 'दीदी, पुन्नी आ गे. बिहाव नइ करव का? नवा गमला मैं दे देहूँ.'

मंदा ओटा झाडत होती. तिने झाडणं थांबवलं नाही. 'दूल्हे का बाप मर गया,' ती म्हणाली. 'घर में सूतक है.'

मी आत खाटेवर होतो. सिद्ध्या, मी तोंडात पंचा कोंबून रडलो. तू मेलास त्या दिवशी रडलो नव्हतो, त्या दिवशी फक्त मारामारी केली. माझ्या घरात तुझं सुतक. न तू भावकीतला, न सोयरा. कोणत्या शास्त्रात बसतं ते मला माहीत नाही. मंदाने कोणाला विचारलं नाही. तू हसला असतास, शिव्या दिल्या असत्यास, सुतक-बितक थोतांड आहे म्हणून तासभर भाषण ठोकलं असतंस. आणि मग ताट घेऊन बसला असतास.

आज सकाळी प्रज्ञा निरोप घ्यायला आली, तिची गाडी आहे. तिने दगडाचं नावही काढलं नाही. चहा घेतला, मंदाच्या पाया पडायला वाकली तर मंदा झटकन मागे झाली.

'तो घेऊन जा,' मंदाने देवघराकडे मान केली. 'अभ्यासिकेत ठेव. तुह्या बाबाले जसा ठेवाचा होता तसा ठेव.'

प्रज्ञा माझ्याकडे बघायला लागली. 

'काकू, तुम्ही द्या ना. मी कशी... आपके भगवान हैं.'

'मले नाही शिवता येत. तुह्या काकालेही नाही. आमाले सुतक आहे.'

'पण काकू, मरे तो मेरे बाबा हैं. मग मी?'

'तुमच्यात नाही ना पाळत? मंग तू मोकळी आहे. या घरात आता तूच एकटी त्याले हात लावू शकते.'

 प्रज्ञाने हात धुतले. कोणी सांगितलं नव्हतं. देवघरापुढे गेली, सुकलेली फुलं बाजूला केली आणि चंदनाच्या बैठकीवरून तो काळा दगड दोन्ही हातांनी उचलला. हळद अजून त्याच्या वळ्यांत होती. दाराची वाट अरुंद आहे आमच्याकडे. ती दगड घेऊन वळली तेव्हा मंदाने पदर अंगाभोवती आवळून घेतला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, आपला स्पर्श तिला होऊ नये म्हणून.